कापसाच्या शेतातून आलेला सूर

वांद्र्याच्या हिल रोडवर, दुकानांच्या गर्दीतच मेहबूब स्टुडिओचं फाटक लागतं. गुजरातेतून मुंबईत आलेल्या मेहबूब खान यांनी १९५४ मध्ये तो उभारला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही दोघं अकोल्याहून तिथे गेलो, ते तिथल्या ब्लूज महोत्सवासाठी. ८६ वर्षांचे बडी गाय गाणार होते. तिकिटं भाच्याने काढली होती. “खाला, हा त्यांचा निरोपाचा दौरा आहे. खालूंनाही घेऊन या,” एवढंच तो म्हणाला.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचं गाणं. गुलाम करून नेलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत मुसलमानही बरेच होते. शेतात काम करताना मारलेल्या लांबलचक हाकांत अजानच्या सुरावटीशी साम्य आढळतं, असं इतिहासकार सिल्वियान दियुफ यांनी मांडलं आहे.

बडी गाय यांचा जन्म १९३६ मध्ये लुइझियानातल्या लेट्सवर्थ गावी, बटईने शेती करणाऱ्या घरात झाला. लहानपणी १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो कापूस वेचला की अडीच डॉलर मिळत. खिडकीच्या जाळीची तार काढून त्यांनी पहिलं वाद्य जुळवलं. पुढे आईला पक्षाघात झाला. शिकागोला निघताना त्यांनी तिची समजूत घातली, की पैसे कमावून तुझ्यासाठी ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक मोटार आणीन. ती मोटार कधी आली नाही आणि १९६८ मध्ये आई गेली. पुढे ते ठिपके त्यांनी आपल्या गिटारवर आणि सदऱ्यावर घेतले.

ते शिकागोत उतरले २५ सप्टेंबर १९५७ रोजी. पुढच्याच महिन्यात मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ पडद्यावर आला. एकीकडे मातीत राबणाऱ्या आईचा सिनेमा, दुसरीकडे आईला दिलेला शब्द. त्याच मेहबूब खानांच्या स्टुडिओत आम्ही उभे होतो.

गाताना ते आवाज कुजबुजीइतका खाली आणत. सगळा हॉल श्वास रोखून ऐकायचा. मग गिटारची तार अशी कडाडायची की शेजारची तरुण मुलं ओरडत. इंग्रजी शब्द आम्हाला निम्मेच कळले, पण थकलेल्या माणसाने दिवसभराचं दुखणं घरच्यांना सांगावं, तसा तो सूर होता. त्यासाठी भाषांतर लागलं नाही.

परतीच्या गाडीत मात्र डोक्यात अडीच डॉलरच घोळत होते. आम्ही वऱ्हाडातले. बोंडाची टोकं बोटं कशी ओरबाडतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको. वेचणी सुरू झाली की आमच्या वर्गातली बाकं रिकामी होतात, आणि आलेल्या मुलांना पेन्सिल नीट धरवत नाही. अशा कष्टातून एखादा बडी गाय निघतो, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण त्याच रांगेत वाकलेल्या बाकीच्या मुलांचं काय झालं, ते कोणत्याही मंचावरून ऐकू येत नाही.

तो सूर ऐकायला मिळाला, अल्हमदुलिल्लाह. पण सूर घडावा म्हणून कुणाचं बालपण कापसात जायला नको. आता वेचणीच्या दिवसांत रिकाम्या बाकावरच्या मुलाच्या घरी आम्ही दोघं संध्याकाळी जाऊन येतो. आईवडिलांशी बोलतो. काही मुलं दुसऱ्या दिवशी येतात, काही येत नाहीत. जी येत नाहीत, त्यांच्या घरी पुन्हा जातो.