फोटोतलं मांजर

आज पुन्हा चित्रकार दालीचा तो १९४८ सालचा फोटो बघत बसले. फिलीप हाल्समनने टिपलेला. दाली हवेत, पाण्याचा झोत हवेत आणि तीन मांजरंही हवेत. तेव्हा कुठली संगणकाची हातचलाखी! हाल्समन आकडे म्हणायचा. तीन म्हटलं की मदतनीस मांजरं भिरकावणार, पाणी फेकणार. चारला दाली उडी मारणार. फोटोत अधांतरी दिसणारी खुर्ची हाल्समनच्या बायकोने उचलून धरलेली. मनासारखी चौकट मिळेपर्यंत तासन्‌तास हेच. दालीचे डोळे विस्फारलेले, कारण तसं ठरलेलं. मांजरांना कुणी विचारलं होतं? फोटो अजरामर आहे, मान्य. मला तो आता नीट बघवत नाही.

त्यापेक्षा मार्क ट्वेन बरा. म्हातारपणी त्याच्या घरचं एक पिल्लू बिलियर्ड्सच्या टेबलाच्या कोपऱ्यातल्या खिशात जाऊन बसायचं आणि येणाऱ्या चेंडूला पंजा मारून खेळाचा विचका करायचं. ट्वेनला त्याचं कौतुकच. (हरणाऱ्याला सोयीचंच म्हणा!) हेमिंग्वेच्या क्युबातल्या घरी तर मांजरं थेट जेवणाच्या टेबलावर. आमच्याकडे आईने लाटणं उगारलं असतं, लेखक कितीही मोठा असो.