सीडीचं सोंग

आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एक पांढरा डोंगल पडून आहे. त्याचं टोपण हरवलंय, आणि सिमच्या खाचेवर आईनं कधीतरी सेलोटेप लावली होती ती पिवळी पडलीय. तो टाकून द्यायचा विषय दर दिवाळीला निघतो आणि दर दिवाळीला मी तो परत ड्रॉवरमध्ये ठेवतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्यानंतर ज्यांच्या हातात पहिला फोन आला त्यांना डोंगल म्हणजे काय हे सांगावं लागतं. पेनड्राइव्हएवढं यंत्र, आत सिमकार्ड, कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायचं की थ्रीजी इंटरनेट. एक जीबीचा पॅक साधारण अडीचशे रुपयांना यायचा आणि महिनाभर पुरवायचा असायचा. यूट्यूब बघणं ही चैन होती.

२०१४ च्या फेब्रुवारीत आमच्या घरी हा डोंगल फक्त एका कामासाठी होता. बाबांशी बोलायला.

बाबा बोटीवर. इंजिनरूममध्ये ऑइलर. गुहागरकडच्या आमच्या वाडीत प्रत्येक दुसऱ्या घरातला माणूस बोटीवर असतो, त्यामुळे गावात याचं कुणाला काही वाटत नाही. सीवूड्सलाही तसं वाटायला नको. इथे मर्चंट नेव्हीवाले भरपूर, आणि पाम बीच रोडच्या पलीकडे टी. एस. चाणक्य, म्हणजे बोटीवरचे अधिकारी घडवणारी संस्था. पण अधिकारी राहतात ते टॉवर वेगळे आणि आमची सिडकोची वन-रूम-किचन वेगळी. बाबांचं कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं असायचं. समुद्रात असताना सॅटेलाइट फोनचं कार्ड इतकं महाग की 'बरा आहे, बऱ्या आहात ना, ठेवतो' एवढंच बोलणं व्हायचं. बंदराला लागले की सीमेन्स क्लबच्या वायफायवरून स्काइप. त्या वेळी बोट डर्बनला लागणार होती. रविवारी आपले रात्रीचे साडेआठ, म्हणजे त्यांचे संध्याकाळचे पाच.

आणि शुक्रवारी मी कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं.

तसं कारण होतं. आमचं विंडोज चोरीचं होतं, सगळ्यांचं असायचं तसं, आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेल्या व्हायरसनं ते चालू होऊन पुन्हा बंद पडत होतं. फॉरमॅट करणारा पाचशे मागत होता. कॉलेजमधल्या एका सीनियरकडे उबुंटूची जुनी डीव्हीडी होती, ती फुकट. शिवाय इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला लिनक्स वापरणारा मुलगा म्हणजे हुशार मुलगा असा एक समज होता, आणि त्या आठवड्यात मला हुशार दिसण्याची फार गरज होती. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला होता. एम-वन आणि मेकॅनिक्स, दोन केट्या. आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, "यांना आत्ता सांगू नको. इंजिनपाशी काम करतात, डोक्याला ताप नको." मला ते पटलं. म्हणजे सोयीचं होतं म्हणून पटलं.

लिनक्स झकास बसलं. वेबकॅम लगेच चालला. मग मी डोंगल खोचला आणि डेस्कटॉपवर सीडीचं चित्र उगवलं.

सीडी! उघडून पाहिली तर आत विंडोजची सेटअपची फाइल. तिच्यावर डबल-क्लिक केलं तर काही नाही. डोंगलचा दिवा मात्र इमानदारीत लुकलुकत होता. हेल्पलाइनला फोन लावला तर पलीकडच्या मुलीनं फार प्रेमानं विचारलं, "सर, तुमच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नाहीये का?"

इंटरनेट नीट करायचं तर त्याची माहिती इंटरनेटवर. तेव्हाच्या स्मार्टफोनवाल्यांना हे कोडं पडत नव्हतं, पण माझ्याकडे बटनांचा फोन होता. शनिवारी सकाळी ट्रेननं एक स्टेशन मागे नेरूळला गेलो, कारण तिथे एक सायबर कॅफे अजून तग धरून होता. आमच्या सीवूड्स-दारावे स्टेशनच्या डोक्यावर तेव्हा मॉलचं बांधकाम चालू होतं. प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की केसांत सिमेंट. कॅफेत बसून वहीत उतरवून घेतलं ते असं.

डोंगलचा ड्रायव्हर द्यायला वेगळी सीडी लागू नये म्हणून बनवणाऱ्यांनी युक्ती केली. यंत्रातच थोडी जागा ठेवून त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलं. मोडेम खोचला की तो आधी 'मी सीडी ड्राइव्ह आहे' असं सांगतो. विंडोज त्यावरचं सॉफ्टवेअर चालवतं, ते सॉफ्टवेअर मोडेमला गुपचूप एक संदेश पाठवतं, आणि मग मोडेम स्वतःला अनप्लग केल्यासारखं करून खऱ्या रूपात परत येतो. झिरो-सीडी म्हणतात या प्रकाराला. विंडोजवाल्याला हे नाटक कधी दिसतच नाही. लिनक्सचं मात्र सरळ आहे: तू सीडी म्हणतोस, बरं, तू सीडी.

गावाला लहानपणी बहुरूपी यायचा. खाकी शर्ट घालून दारात उभा राहून 'वॉरंट आहे' म्हणायचा. आजी घाबरून आत पळायची आणि आजोबा चार आणे देऊन म्हणायचे, पुरे आता. डोंगलला कुणीतरी 'पुरे आता' म्हणायला हवं होतं.

ते म्हणणारा प्रोग्राम म्हणजे यूएसबी-मोडस्विच, योझुआ डिट्झे या प्रोग्रामरचा. प्रत्येक कंपनीचा 'पुरे आता' वेगळा, आणि तो कुणी जाहीर करत नव्हतं. जगभरच्या लोकांनी विंडोजवर मोडेम लावून केबलीतून जाणारे बाइट टिपले, त्यातून नेमका तो संदेश वेगळा काढला आणि यादीत भर घातली. हुआवेच्या बऱ्याच मोडेमना चालणारा संदेश ३१ बाइटचा आहे. तो ५५५३४२४३ ने सुरू होतो, म्हणजे यू-एस-बी-सी या चार अक्षरांचे कोड, आणि त्यापुढे चक्क १२३४५६७८. ती जागा कुठल्याही आकड्यासाठी असते. कुणीतरी मनात आलं ते टाकलं आणि ते तसंच जगभर गेलं. वहीत हे उतरवताना मला पहिल्यांदा वाटलं की कॉम्प्युटर ही माणसांनी केलेली गोष्ट आहे. एम-वनच्या पुस्तकात असं कधी वाटलं नव्हतं.

माझ्या उबुंटूत हा प्रोग्राम होता, पण यादी जुनी आणि डोंगल नवा. नवी यादी पेनड्राइव्हवर घेऊन घरी आलो. यादी म्हणाली, मला प्रोग्रामही नवा हवा. परत नेरूळ. संदेश गेला आणि डोंगलचं सोंग उतरलं. यूएसबीची यादी मागितली तर कंपनीचा क्रमांक तोच पण यंत्राचा क्रमांक बदललेला. मी टाळी वाजवली. आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "लागला?" लागला नव्हता. आता मोडेम दिसत होता पण जोडत नव्हता. त्यासाठी डब्ल्यूव्ही-डायल नावाचा प्रोग्राम हवा, त्याला आणखी तीन-चार लायब्ररी हव्या, त्यांतली एक 'लिब-एक्सपीएलसी' विसरलो म्हणून रविवारी सकाळी पुन्हा नेरूळ. कॅफेवाल्यानं तिसऱ्या वेळी तासाचे पैसे घेतले नाहीत.

मग कळलं की सीडी हे पहिलंच सोंग होतं. आतला मोडेमही स्वतःला जुना टेलिफोनचा मोडेम म्हणवतो. त्याच्याशी ज्या भाषेत बोलायचं ती अमेरिकेतल्या हेज कंपनीनं १९८१ च्या स्मार्टमोडेमसाठी केली. प्रत्येक हुकूम 'एटी'नं सुरू होतो, अटेन्शनमधला एटी. आणि इंटरनेट हवं तर एक नंबर फिरवायचा: *९९#. त्या नंबरावर कुणी फोन उचलत नाही, घंटा वाजत नाही. जुन्या प्रोग्रामना वाटावं की आपण फोन लावतोय, म्हणून हा खटाटोप.

डब्ल्यूव्ही-डायलच्या फाइलीत एक ओळ लिहावी लागते, 'स्टुपिड मोड = १'. मी रचून सांगत नाही, खरंच तसा पर्याय आहे. पलीकडून काही विचारणा होईल म्हणून थांबू नकोस, जोडलास की मुकाट सुरू कर, असा त्याचा अर्थ. युजरनेम आणि पासवर्डचंही गंमतीशीर. आमच्या कार्डाला ते काहीही चालत होतं, पण डब्ल्यूव्ही-डायलला रिकामं चालत नव्हतं. दोन्हीकडे 'बाबा' लिहिलं.

संध्याकाळी सात वाजता काळ्या स्क्रीनवर ओळ आली: 'कॅरियर डिटेक्टेड. स्टार्टिंग पीपीपी इमिजिएटली.' पाठोपाठ दहानं सुरू होणारा आयपी पत्ता. मी काही ओरडलो-बिरडलो नाही. खुर्चीतच बसून राहिलो. आईला मात्र रेंज बघायची घाई. तिनं डोंगल एक्स्टेन्शन वायरला लावून खिडकीच्या ग्रिलला बांधला आणि मागे पिठाची चाळणी उभी केली. कुणी सांगितलं होतं कोण जाणे. एक काडी वाढली.

साडेआठला बाबांचा कॉल आला. आईनं साडी बदलली होती. पाच मिनिटं नीट चाललं. जेवण, बिल्डिंगचं पाणी, मावशीच्या मुलीचं लग्न. मग चित्र अडकलं. थ्रीजीवर ते अडकायचंच. आवाज पुढे जायचा आणि माणूस तसाच थिजून राहायचा. या वेळी बाबा थिजले ते घाम पुसायला उजवा हात कपाळाकडे नेताना. एरवी तो हात पूर्ण वेळ टेबलाखाली होता, हे तेव्हा लक्षात आलं. मनगटापासून बोटांपर्यंत पांढरं बँडेज.

आवाज चालू होता. बाबा पाण्याच्या टँकरबद्दल काहीतरी म्हणत होते. त्यांना कळलंच नव्हतं की आमच्याकडे त्यांचा हात दिसतोय.

"अहो, हाताला काय झालं?" आई म्हणाली.

"कुठे काय."

"दिसतंय मला."

पलीकडे क्लबमधला गलका ऐकू येत राहिला. मग म्हणाले, वाफेच्या पाइपला लागला, तीन आठवडे झाले, आता सुकतंय. तुम्हाला उगाच घोर नको म्हणून बोललो नाही. आई काहीच बोलेना. तिला राग आला की ती भांडी आवरायला उठते. त्या दिवशी उठली नाही, त्या थिजलेल्या हाताकडे बघत बसली. आणि मला एकदम काय झालं माहीत नाही, मी म्हणालो, "बाबा, मला दोन केट्या लागल्यात."

आईनं मांडीवर चापट मारली. पलीकडे इतका वेळ शांतता की मी डब्ल्यूव्ही-डायलची खिडकी उघडून पाहिलं, जोडणी तुटली की काय. तुटली नव्हती.

"कशात?"

सांगितलं.

"पुस्तक वाचलंस का नुसत्या नोट्स?"

"नोट्स."

"हं." मग थोड्या वेळानं, "आणि हा कॉम्प्युटर बिघडला म्हणत होती ना तुझी आई? मग आता कशावरून बोलतोयस?"

मी सांगायला लागलो. सीडीचं सोंग, ३१ बाइट, नेरूळच्या तीन खेपा, स्टुपिड मोड. बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण इंजिनातलं कळतं, आणि समुद्रात मेकॅनिक बोलावता येत नाही. ते बरोबर जागी प्रश्न विचारत होते. "म्हणजे यंत्र चांगलं होतं, सांगणारा नव्हता." "मग एकेक करून बघितलंस की सगळं एकदम बदललंस?" एकेक, मी म्हणालो. अर्ध्याहून जास्त वेळ आम्ही दोघं डोंगलवरच बोललो. आई मध्ये मध्ये 'मलम लावता का' विचारत होती. चित्र परत सुटलंच नाही. मी स्टुपिड मोड दुसऱ्यांदा समजावत असताना पॅक संपला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तसंच बॅलन्सचंही.

मे महिन्यात मी दोन्ही केट्या काढल्या, मेकॅनिक्स काठावर. पुढे सगळं नेहमीसारखं झालं. नोकरी, महापेला ऑफिस, घरी फायबर.

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. मी घरून काम करत होतो, राउटर मेला. बाबा तेव्हाही बोटीवर होते. कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्येच संपलं होतं, पण कोविडमुळे बंदरं माणसं उतरवून घेत नव्हती. त्या वर्षाअखेरीला जगभर सुमारे ४ लाख खलाशी असे अडकले होते. बोटीवर आता व्हॉट्सॲपपुरतं इंटरनेट मिळायचं, आणि त्यांचा कॉल अकराला ठरला होता. फोनची बॅटरी सात टक्के. केबलनं फोन लॅपटॉपला लावला, टेदरिंग सुरू केलं. फोननं नेटवर्क कार्डाचं सोंग घेतलं आणि लिनक्सनं ते दोन सेकंदांत मान्य केलं, ना नेरूळ ना काही. गंमत म्हणून ड्रॉवरमधला डोंगलही खोचून पाहिला. सीडीचं चित्र आलंच नाही; लॉगमध्ये एक ओळ दिसली की यंत्राचं रूप बदललं. कुणीतरी त्याचा आकडा यादीत कधीच घालून ठेवला होता. सिम मात्र मेलेलं.

सव्वाअकराला बाबांचा व्हिडिओ लागला. चित्र तुटक होतं, दाढी वाढलेली. आई पुढे सरकली, पण तिला काही विचारावं लागलं नाही. २०१४ पासून आमच्याकडे पद्धत पडलीय. 'कसे आहात'च्या आधी बाबांनी दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले, आधी तळवे, मग उलटे करून.