उचगावच्या वाटेवरची न्याहारी

बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने आपण कधी गेला असाल, तर हिंडलगा मागे पडल्यावर मातीचा रंग पालटतो हे आपल्या ध्यानात आले असेल. शहराच्या पूर्वेस काळी जमीन, आणि पश्चिमेस सह्याद्रीकडे सरकू लागलो की तांबडी. सुळगे, उचगावचा फाटा, बाची, मग शिनोळी. आणि शिनोळीत आपण नकळत कर्नाटकातून कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यात शिरलेले असतो. मातीला ही हद्द ठाऊक नाही, आणि रताळ्याच्या वेलालाही नाही. दोन्हीकडच्या शिवारांत तो सारखाच पसरलेला दिसतो.

दिवाळी उरकल्यानंतरच्या दिवसांत या वाटेने जावे असे मी आपणांस सुचवीन. पाऊस थांबलेला असतो, सकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि शेतांत रताळ्यांची काढणी चाललेली असते. आषाढाच्या सरींत वेलाचे तुकडे वरंब्यावर लावलेले असतात. सुमारे चार महिन्यांनी वरचा वेल कापून बाजूला करायचा, तो गुरांच्या पुढ्यात टाकायचा आणि वरंबा फोडायचा, की लालसर सालीची रताळी झुपक्याने वर येतात. बांधावर पोत्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईच्या बाजारात उपवासाच्या दिवसांत ‘बेळगावची रताळी’ म्हणून जी मागितली जातात, त्यांचे माहेर हे.

उपवासाला चालणारे हे कंद मूळचे आपले नव्हेत. रताळे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्या किनाऱ्यावर आले आणि येथे इतके रुळले, की एकादशीच्या ताटात त्याला कोणी परके म्हणत नाही. बेळगावच्या बाजारात कानडी बोलणारी बाई त्याला ‘गेणसू’ म्हणते, शेजारची मराठी बाई ‘रताळं’ म्हणते, आणि गिऱ्हाईक दोन्ही भाषांत घासाघीस करते.

गेल्या वर्षी मी या वाटेने गेलो तो वडिलांना घेऊन. त्यांचे वय 84. मधुमेह वीस वर्षांचा, वरची कवळी सहा वर्षांची. आई गेल्यापासून त्यांची सकाळची न्याहारी म्हणजे चहा आणि त्यात बुडविलेले दोन पाव-टोस्ट, एवढीच उरली होती. पोहे कोरडे लागतात, उपमा घशात अडकतो, भाकरी चावत नाही. प्रत्येक पदार्थाला त्यांच्याकडे एकेक कारण होते. वजन उतरत चालले होते. आपल्यापैकी जे कोणी घरातील वृद्धांची काळजी वाहत असतील, त्यांना या सकाळच्या वादाची कल्पना निराळी द्यायला नको. बशी पुढे सरकवायची, ती मागे सरकवली जायची, आणि अखेरीस दोघांनीही गप्प बसायचे.

आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी पावाऐवजी रताळे सुचविले होते. माझ्या मुलीने फोनवर कुठेसे पाहून रताळ्याच्या लांब चकत्यांचा ‘टोस्ट’ करूनही आणला. वडिलांनी बशीकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, “हे मी पुष्कळ खाल्लंय.” त्या वाक्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. मी तो हट्ट समजलो, आणि आवाज चढवला, हेही येथे सांगून टाकतो.

त्यांचा जन्म याच वाटेवरच्या एका गावातला. थोरली बहीण अजून तेथेच असते. वय 89, ताठ कण्याची, कवळीबिवळी नसलेली. तिला भेटण्याचे निमित्त काढून आम्ही निघालो. ज्येष्ठांना घेऊन असा प्रवास करणार असाल तर दोन गोष्टी आधीच ठरवून ठेवा. बेळगावात रात्री मुक्काम करावा, थेट गावापर्यंत एका दमात जाऊ नये. आणि सकाळची औषधे व न्याहारी उरकूनच शिवाराकडे वळावे, कारण गावांत चहा दहा ठिकाणी मिळतो, परंतु वेळेवर खाणे मिळेलच असे नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. बांधावर बसायला एक घडीची खुर्ची गाडीत टाकली, तिचा फार उपयोग झाला.

त्या खुर्चीवर बसून वडील काढणी पाहत होते. मग अचानक बोलू लागले. त्यांच्या लहानपणी भाताचा खंड मालकाच्या घरी पोचता झाला, की घरात उरत ती रताळी. मार्गशीर्षापासून पुढे कित्येक आठवडे सकाळी उकडलेली रताळी, रात्री चुलीच्या राखेत भाजलेली रताळी. शाळेत इतर मुले फडक्यातून भाकरी काढीत आणि हे रताळे काढीत, तेव्हा हसू उठे. पुढे नोकरी लागून शहरात आले आणि पहिल्या पगारात त्यांनी पाव आणि लोणी विकत घेतले. पाव-टोस्ट ही त्यांच्या लेखी नुसती न्याहारी नव्हती. त्या वाटेने पुन्हा मागे यावे लागणार नाही, याची ती रोजची खूण होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मुलाने बशीत पुन्हा रताळे ठेवले, तर त्यांना काय वाटले असेल?

मला हे पूर्वी कधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

अक्कांच्या घरी दुपारी त्यांनी आदल्या दिवशी उकडून ठेवलेली रताळी घेतली, साल काढली, उभे काप केले आणि लोखंडी तव्यावर तुपाचे बोट फिरवून दोन्ही बाजूंनी खरपूस केले. वर घट्ट दही आणि जिऱ्याची पूड. म्हणजे मुलीने फोनवर शोधलेला ‘टोस्ट’ तो हाच; आपल्याकडे त्याला ‘रताळ्याचे काप’ म्हणतात, एवढाच फरक. बहुतेक घरांत त्यावर गूळ किंवा साखर पडते, अक्कांनी भावाच्या मधुमेहासाठी दही घातले होते. वडील नको म्हणाले. अक्का भावाकडे न पाहताच म्हणाल्या, “खा की रे. आता काय खंड द्यायचाय कुणाला?” दोघेही हसले. वडिलांनी दोन काप खाल्ले, तिसरा मागितला. अक्कांनी तो दिला नाही.

आता आपण स्वतः हे घरी करणार असाल तर.

पाव भाजण्याच्या यंत्रात कच्च्या रताळ्याची चकती घालून तीनतीनदा दाबायची, ही पद्धत मी वृद्धांसाठी सुचविणार नाही. कडा चिवट होतात, मधला भाग कच्चा राहतो आणि कवळी असलेल्याला ते चावत नाही. अक्कांचीच रीत बरी. सरळ, मध्यम जाडीची रताळी निवडा. मातीसकट असली तर उत्तम, ती अधिक टिकतात. स्वच्छ धुऊन, सालीसकट, वाफेवर किंवा पाण्यात शिजवा. सुरी सहज जावी पण रताळे फुटू नये, इतकेच. कुकरच्या शिट्ट्यांनी त्याचा लगदा होतो. पूर्ण निवू द्या. शक्यतो रात्री उकडून सकाळी वापरा, म्हणजे काप मोडत नाहीत आणि निवल्यामुळे त्यातील काही पिष्ट पचायला सावकाश होते. साल काढून करंगळीच्या निम्म्या जाडीचे उभे काप करा. तवा मध्यम आचेवर तापवून, अर्धा चमचा तूप किंवा तेल घालून, एकेका बाजूने तीन-चार मिनिटे ठेवा. तांबूस ठिपके आले की झाले.

वर काय घालावे, हा प्रश्न कापापेक्षा महत्त्वाचा आहे. 100 ग्रॅम रताळ्यात प्रथिने जेमतेम दीड ग्रॅमच्या आसपास असतात, आणि उतारवयात स्नायू टिकवायचे तर सकाळीच प्रथिने पोटात जायला हवीत. म्हणून रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का, कुस्करलेले पनीर किंवा मऊ उकडलेले अंडे यांपैकी काहीतरी जाडसर पसरा. शेंगदाण्याची चटणी चवीला फार चांगली, पण कवळीखाली कण गेले की दिवस खराब होतो. तेव्हा ती दह्यात वाटून घ्या. गिळताना ठसका लागत असेल तर भाजण्याच्या फंदात न पडता तेच रताळे दह्यात कुस्करून द्या, ताठ बसवून, छोट्या चमच्याने, घाई न करता. ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह असणाऱ्यांसाठी रताळे हे पावाच्या किंवा पोह्यांच्या बदली आहे, त्यांच्या जोडीला नव्हे. उकडलेल्या रताळ्यापेक्षा दीर्घकाळ भाजलेल्याने साखर वेगाने वाढते. राखेत भाजलेले रताळे इतके गोड लागते ते मंद उष्णतेत त्याच्या पिष्टाची साखर होते म्हणूनच. वडिलांना आम्ही दोनच काप देतो आणि आरंभी काही दिवस न्याहारीनंतर दोन तासांनी साखर तपासून पाहिली. प्रत्येकाचे शरीर निराळे असल्यामुळे आपणही तसेच करावे. मूत्रपिंडाचा विकार असेल आणि पोटॅशियम कमी घ्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रताळे सुरू करू नये. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनीही विचारूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट. ‘रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर’ असे आपण वाचतो, ते नारिंगी गराच्या रताळ्याबद्दल खरे आहे. बेळगावकडच्या लाल सालीच्या आणि पांढऱ्या गराच्या रताळ्यात ते फारसे नसते. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ नावाचे नारिंगी वाण काढले आहे. असे रताळे मिळाले तर अवश्य घ्या, तूप किंवा तेल थोडे असू द्या, कारण त्यातील रंगद्रव्य स्निग्धाशिवाय नीट शोषले जात नाही. न मिळाले तरी पांढऱ्यातील तंतू, विशेषतः बद्धकोष्ठ असणाऱ्यांना, उपयोगाचे आहेतच. कच्ची रताळी मात्र शीतकपाटात ठेवू नका. थंडीने त्यांचा गाभा टणक होतो आणि शिजवूनही मऊ पडत नाही.

परतताना अक्कांनी एक पोते गाडीत टाकलेच. “लगेच खाऊ नका, आठ दिवस राहू देत, मग गोड होतात,” असे त्यांनी बजावले, आणि ते खरे आहे. काढणीनंतर ठेवल्यावर पिष्टाची हळूहळू साखर होते.

आज आमच्याकडे आठवड्यातून तीन सकाळी रताळ्याचे काप असतात. इतर दिवशी वडील पाव-टोस्टच मागतात, आणि आम्ही देतो, वर पनीर लावून. परवा त्यांनी मुलीला सांगितले की काप फार जाड कापतेस, अक्कांचे पातळ असतात. तिने दुसरे रताळे घेतले, आणि ते शेजारी खुर्ची ओढून सुरीकडे लक्ष ठेवून बसले.