शिरूर ते दौंड : सभागृहाचा एक दिवस

विधानसभेचे अधिवेशन सुरू झाले की आपल्या घरात ते कसे पोहोचते? पायऱ्यांवर फलक धरून उभे असलेले आमदार, अध्यक्षांसमोर उतरलेले सदस्य, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी ‘कामकाज तहकूब’ ही पट्टी. तेवढे दिसले की कोणीतरी चॅनेल बदलतो. आम्ही आठवीला नागरिकशास्त्र शिकवतो. ‘राज्यशासन’ हा धडा मराठीत आहे, उर्दूतही आहे. दोन्हीकडची मुले विधानसभा २८८ आणि विधानपरिषद ७८ हे आकडे पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी शिरूरहून दौंडला खालाकडे जायचे ठरले, तेव्हा घरची आणि शेजारची मिळून चार मुले आम्ही बरोबर घेतली. त्यांना सांगितले, आज रस्त्याने जाता जाता विधानसभा बघायची आहे.

आधी सभागृहाचा दिवस समजून घेऊ. शाळेसारखेच तिथेही तास ठरलेले असतात. पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांनी सभागृहात उभे राहून उत्तर द्यायचे आणि त्यावर सदस्यांनी उपप्रश्न विचारायचे. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. त्यानंतर कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात. मग नियम १०५ खालच्या लक्षवेधी सूचना येतात. तातडीच्या विषयाकडे सदस्य लक्ष वेधतात आणि मंत्र्यांना निवेदन करावे लागते. पुढे विधेयके, खर्चाच्या मागण्या, चर्चा. कामकाज चालायला निदान एक दशांश सदस्य, म्हणजे २९ जण हजर हवेत. बोललेला शब्दन् शब्द प्रतिवेदक टिपून घेतात. गोंधळाचे चित्र संध्याकाळपर्यंत विरते, हे टिपलेले मात्र कायम राहते.

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. कधीकाळी इंग्रजांची छावणी असलेले हे गाव आज पुणे–नगर रस्त्यावरची मोठी बाजारपेठ आहे. घोड नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. मुलांना आम्ही पहिला प्रश्न इथेच टाकला : शिरूर तालुक्याचा आमदार कोण? “शिरूरचा!” असे एकमुखी उत्तर आले. ते अर्धेच बरोबर होते. शिरूर मतदारसंघाचा क्रमांक १९८, दौंडचा १९९. २०२४ मध्ये शिरूरमधून ज्ञानेश्वर कटके आणि दौंडमधून राहुल कुल निवडून आले. पण शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडची बरीच गावे आंबेगाव मतदारसंघात मोडतात. पिंपरखेड त्यांतलेच. आपला प्रश्न कोणाच्या दारी न्यायचा हे आधी माहीत हवे, नाहीतर अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो.

पिंपरखेडचे नाव या भागात आता कोणी विसरणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या आत बिबट्याने त्या परिसरात तीन जीव घेतले. त्यांत दोन मुले होती, एक वृद्धा होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला. डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले तेव्हा शेजारच्या जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश घालून विधानभवनात आले. तो फोटो सगळीकडे फिरला. त्याच अधिवेशनात वनमंत्री गणेश नाईक यांनी सांगितले की, माणसे गेल्यावर भरपाई देत बसण्यापेक्षा जंगलात शेळ्या सोडाव्यात, म्हणजे बिबटे वस्तीकडे येणार नाहीत. आमच्या गाडीतला सातवीतला मुलगा हे ऐकून म्हणाला, “पण आपल्याकडचे बिबटे तर उसातच जन्मतात. ते जंगलात जातील कशाला?” आम्ही त्याला सांगितले, बेटा, सभागृहात याला उपप्रश्न म्हणतात.

न्हावऱ्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस. तोड चालू होती, ट्रॉल्या भरत होत्या. ऊस तुटला की बिबट्याची लपायची जागा जाते आणि तो शेजारच्या फडात सरकतो. इथल्याच एका वस्तीवर आमच्या वर्गातल्या एका मुलीचे घर आहे. तीन आठवडे ती शाळेत आली नव्हती, म्हणून आम्ही मुद्दाम थांबलो. मुलगी हुशार आहे, गणितात सगळ्यांच्या पुढे. ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो तिच्याकडे आहे. पण एसटी फाट्यावर थांबते. फाटा ते वस्ती पाऊण तासाची पायवाट, दोन्हीकडे उसाची भिंत. हिवाळ्यात शाळेतून परतेपर्यंत अंधारून येते. तिचे अब्बा म्हणाले, “पास आहे, दफ्तर आहे, सगळं आहे. पण पोरगी घरी येईपर्यंत हिच्या अम्मीच्या घशाखाली घास उतरत नाही. एक वर्ष बुडालं तर बुडू द्या. जीव महत्त्वाचा.”

या बोलण्याला उलट उत्तर नव्हते. त्यांना शिकवणीची गरज नव्हती. आम्ही एवढेच विचारले, “हे तुम्ही कोणाला लेखी सांगितलं आहे का?” ते हसले. “आमचं कोण वाचणार?”

मग आम्ही चटईवर बसलो आणि मुलांना वही काढायला लावली. तारांकित प्रश्नाची भाषा ठरलेली असते. ‘(१) अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ या शेवटच्या कलमावर मुले बेहद्द खूश झाली. “गृहपाठ झाला हे खरे आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” असा खेळ लगेच सुरू झाला. हसणे ओसरल्यावर प्रश्न कागदावर उतरू लागले. फाटा ते वस्ती रस्त्यावर दिवे नाहीत, हे खरे आहे काय? शेतीला रात्री वीज येते म्हणून लोकांना अंधारात पाणी द्यायला जावे लागते, हे खरे आहे काय? असल्यास, दिवसा वीज केव्हा मिळणार? या परिसरात पिंजरे किती लावले? शाळेच्या वेळेत एसटी वस्तीपर्यंत का येत नाही? बिबट्याच्या एका प्रश्नात वन, ऊर्जा, परिवहन आणि शिक्षण अशी चार खाती निघाली. मुलीची अम्मी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “पाचवं लिहा. मुली घरी बसल्या, त्यांची मोजणी कोणी केली काय?” सगळ्यांत चांगला प्रश्न तोच होता.

आमदार स्वतः होऊन वस्तीवर येतील अशी वाट पाहायची गरज नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली होती. तिथे ठराव मांडायचा, त्याची प्रत आमदारांना आणि वन विभागाला द्यायची, पोच घ्यायची, असे ठरले. तोवर शेजारच्या दोन घरांतल्या मुली आणि एक मोठे माणूस अशा सोबतीने फाट्यापर्यंत जायचे, हेही ठरले.

न्हावरे सोडून पारगावकडे निघालो की भीमा लागते. अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. पुण्यातून आलेली मुळा-मुठा इथून जवळच भीमेला मिळते आणि शहराचे सांडपाणीही बरोबर घेऊन येते. दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी लागते. ते शहराला किती आणि शेतीला किती, हा वाद दर उन्हाळ्यात निघतो आणि सभागृहातही पोहोचतो.

दौंड तालुक्याचे जुने नाव भीमथडी. भीमथडीची तट्टे एके काळी प्रसिद्ध होती. पण या नावाशी आणखी एक इतिहास जोडलेला आहे. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. ते लोण शिरूर, इंदापूर, हवेलीपर्यंत गेले. माणसांपेक्षा कागदांवर राग होता, कारण त्या कागदांविरुद्ध दाद मागायला जागाच नव्हती. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलने केला. तिथे या नदीकाठचा एकही शेतकरी बसलेला नव्हता.

पुढे केडगाव. दुष्काळात निराधार झालेल्या मुली-स्त्रियांना पंडिता रमाबाईंनी इथल्या मुक्ती सदनात आसरा दिला. त्याच दुष्काळांच्या पाठोपाठ, १९०१ मध्ये, मुंबईच्या कायदे कौन्सिलात जमीन महसुलाचे विधेयक आले. सारा थकला तर जमीन सरकारजमा करायची आणि परत देताना विक्रीचा हक्क ठेवायचा नाही, असा त्याचा रोख होता. लोकमत अजमावा, ही मागणी फेटाळली गेली तेव्हा फिरोजशहा मेहता उठून बाहेर पडले. गोपाळ कृष्ण गोखलेही त्यांच्यामागे गेले. टीव्हीवर दिसणाऱ्या सभात्यागाची परंपरा इतकी जुनी आहे. मतांची संख्या हाती नव्हती, तेव्हा उठून जाणे एवढेच त्यांच्या हाती होते.

चौफुल्यावरून पाटसकडे वळलो की कालव्याबाहेरची जमीन उघडी पडते. माळ, बाभळी, मधूनच एखादा पाझर तलाव. दौंडला पोहोचल्यावर जेवणानंतर खालांनी १९७२ च्या दुष्काळाची हकीकत सांगितली. तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर कामावर जाऊन खडी फोडायच्या. दुपारी सुकडी मिळायची, घरी मिलोची लाल भाकरी. “हाताला फोड यायचे, पण चूल पेटायची,” त्या म्हणाल्या. त्या अनुभवातून रोजगार हमीची कल्पना पक्की झाली. वि. स. पागे तिचे जनक, ते विधानपरिषदेचे सभापती होते. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क झाला. २००५ मध्ये देशाने जो रोजगार हमी कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

पैसा कुठून आला, तेही मुलांना सांगितले. १९७५ मध्ये विधिमंडळाने व्यवसाय कराचा कायदा केला, तो या योजनेसाठी. आमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते त्याच कायद्याने. खाला हसून म्हणाल्या, “म्हणजे आमच्या खडीचे पैसे तुम्ही अजून भरताय!”

संध्याकाळी दौंड स्टेशनवर मुलांना गाड्या दाखवल्या. एका बाजूला पुण्यावरून मुंबई, जिथे अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशने होतात. दुसऱ्या बाजूला मनमाडवरून नागपूर. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन तिथे भरते.

आपल्या बैठकांत एक हिशेब नेहमी निघतो. २८८ पैकी आपले किती? २०२४ मध्ये दहा मुस्लिम आमदार निवडून आले. ही संख्या कमी आहे आणि तिची चर्चा व्हायलाच हवी. पण शिरूरचा आमदार शिरूरच्या प्रत्येक मतदाराचा आहे, दौंडचा दौंडच्या. उसातल्या पायवाटेवरच्या अंधाराला जात-धर्म विचारावा लागत नाही. आपण त्यांच्याकडे सणाच्या शुभेच्छांपुरते आणि कब्रस्तानच्या कुंपणापुरते गेलो, तर ते आपल्याला तेवढ्यापुरतेच ओळखतील.

आपल्याकडे मशवऱ्याला मोठे मोल आहे. कुरआनातल्या एका सूरहचे नावच ‘अश्-शूरा’ आहे. घरातल्या लग्नापासून जमिनीच्या व्यवहारापर्यंत आपण चार माणसांना विचारतो. राज्याच्या मशवऱ्यात मात्र आपण बोलत नाही आणि मग आपले कोणी ऐकत नाही म्हणतो.

वस्तीवरचा ठराव ग्रामसभेत मंजूर झाला. त्यात पाचवा प्रश्न मुलीच्या अम्मींच्या शब्दांत गेला आहे. प्रत पोहोचली, पोच हाती आहे. दिवे अजून लागलेले नाहीत. मुलगी सोबतीने शाळेत येते आहे, अल्हम्दुलिल्लाह. वाचक बंधु-भगिनींनो, पुढच्या अधिवेशनाच्या आधी आपल्या गावचा एक प्रश्न घरात बसून लिहून काढा. आपला मतदारसंघ कोणता ते पाहा, कागदावर तारीख घाला, पोच घ्या. आणि शेवटची ओळ विसरू नका : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?