आधी वाडगं, मग पत्रा

शेळ्यांची शेडं करून देणं हा माझा धंदा. आटपाडी तालुक्यात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. शेतकरी येतो, जागा सांगतो, शेळ्या किती घेणार ते सांगतो, मग मी कागदावर चित्र काढून त्याला हिशेब देतो. बरीच वर्षं ते चित्र एकच असायचं. जमिनीपासून चार-पाच फुटांवर स्लॅटचा तळ, लेंड्या-मूत खाली पडावं म्हणून फटी, त्याखाली उताराची फरशी, वर पत्रा, चारी बाजूंना जाळी आणि पडदे, चढायला रॅम्प. शेळीचा पाय मातीला लागूच द्यायचा नाही, असं माझं म्हणणं असायचं. माती आली की ओल आली, ओलीबरोबर जंत आणि खुरांचे आजार आले. हे मी लोकांना पटवून द्यायचो, आणि मलाही ते मनापासून पटलेलं होतं.

आता मी तसं चित्र काढत नाही. कुणी मागितलं तर आधी तासभर बसवून बोलतो, आणि तरीही हवंच असेल तर दुसऱ्याकडे जा म्हणतो. माझी मजुरी लोखंडाच्या वजनावर ठरते. त्यामुळे लोखंड कमी घाला म्हणणं मला परवडणारं नाही, हे मला ओळखणारे जाणतात. तरीही म्हणतो, कारण इथे शेळ्या पाळणारा माणूस बहुतेक वेळा कर्ज काढून उभा राहतो, आणि त्या कर्जाचा मोठा तुकडा शेळी यायच्या आधीच शेडात जातो.

मचाणाचा तळ मुळात चुकीचा नाही. कामानिमित्त सिंधुदुर्गाकडे गेलो होतो, तेव्हा ते नीट कळलं. कोकण कन्याळ ही त्या भागातली शेळी. तिथे पाऊस सुरू झाला की चार महिने जमीन वाळतच नाही. पाय टाकाल तिथे चिखल आणि शेवाळ. अशा जमिनीत जंतांची अंडी जगतात, करडांना रक्ती हगवण लागते, खुरं कुजतात. तिथे शेळी उंचावर बसवायलाच हवी. केरळात, ईशान्येकडेही याच कारणासाठी उंच तळाचे गोठे आहेत. म्हणजे तो तळ पावसाने शिकवलेला आहे.

आणि आपल्याकडे? सह्याद्रीच्या पलीकडे पाऊस संपतो आणि माणदेश कोरडा राहतो. येतो तो बराचसा परतीचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात. जमीन मुरमाड. चांगली सर पडून गेली तरी उताराच्या माळावर थोड्याच वेळात पाय कोरडा राहतो. वर्षातले आठ-नऊ महिने इथली जमीन स्वतःच जंत मारते, कारण ती उन्हात भाजून निघते. ज्या ओलीवर कोकणातल्या माणसाने उपाय शोधला, ती ओल इथे थोडे दिवसच असते. इथला शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे ऊन.

आटपाडीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे भिंतीची सावली मिळत नाही, पडद्याचा उपयोग नाही, सगळा मारा थेट छपरावर. पत्रा तव्यासारखा तापतो आणि ती उष्णता खाली फेकतो. मचाणाचं शेड असेल तर त्यात आणखी एक भर पडते: तळ चार-पाच फूट वर उचललेला, आणि लोखंड वाचावं म्हणून छप्पर फार वर नेलेलं नसतं. म्हणजे शेळीची पाठ आणि पत्रा यांतलं अंतर नेमकं नको तिथे कमी होतं. अशा एका शेडात मी मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला आत जाऊन उभा राहिलो. तोंड उघडं टाकून, पोटाचा भाता हलवत शेळ्या उभ्या होत्या. गव्हाणीत कुट्टी तशीच पडलेली. एकही बसलेली नव्हती. मग मी उकिडवा बसलो आणि नाक शेळीच्या नाकाच्या उंचीवर नेलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं. खाली साठलेल्या लेंड्या आणि मूत यांचा अमोनिया फटींतून वर येत होता. आपण माणसं उभ्याने आत जातो, दोन मिनिटं थांबतो आणि बाहेर येतो, आपल्याला तो कळत नाही. शेळी त्यातच चोवीस तास श्वास घेते, मग ती खोकते आणि आपण डॉक्टर बोलावतो.

खालचं खत रोज काढलं तर वास येणार नाही, हे खरं. पण कोण काढतं? डाळिंबवाल्याची गाडी भरेल एवढं लेंडीखत साठू दे, मग एकदमच काढू, असा साधा हिशेब प्रत्येक ठिकाणी असतो. तो हिशेब करणाऱ्याला मी दोष देणार नाही. घरात माणसं दोन, कामं दहा. जे शेड रोजच्या शिस्तीशिवाय नीट चालत नाही, ते इथल्या घराला बेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खुरांचंही पाहिलं. मुरमावर फिरणाऱ्या शेळीची खुरं आपोआप झिजतात. स्लॅटवर बांधून ठेवलेल्या शेळीची वाढत राहतात, टोकं वर वळतात, ती टाचेवर भार देऊन चालते. वेळेवर खुरं कापली तर प्रश्न नाही, पण तेही एक वाढलेलं काम.

माझं मत एका दिवसात बदललं नाही. पण ज्या बोलण्याने ते खऱ्या अर्थाने हललं, ते सांगतो. एका वस्तीवर जुन्या शेडाचा पत्रा बदलायला गेलो होतो. शेजारी मेंढरं राखलेल्या घरातली एक म्हातारी बसली होती. मी तिच्या नातवाला स्लॅटचे फायदे सांगत होतो, ते ती ऐकत होती. मग म्हणाली, "लेकरा, शेरडाला घर न्हाय लागत, आडोसा लागतो. अन् बसाय कोरडी जागा. आमी रोज नव्या जागी बसवायचो."

"पण आजी, आता तुमच्यासारखं फिरणं कुठं जमतंय?" मी म्हणालो.

"मग जागा तरी फिरवा," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

तिच्या त्या वाक्यावर मी खूप दिवस विचार करत होतो. धनगराचा वाडा रात्री वाघरीच्या जाळ्यात मेंढरं कोंडतो. सकाळी जाळं गुंडाळतो, दुसऱ्या रात्री दुसऱ्या रानात. शेतकरी त्याला रानात मेंढरं बसवायला बोलावतो, कारण खत जागेवर मिळतं. त्या सगळ्या व्यवहारात जमीन झाडावी लागत नाही, धुवावी लागत नाही, कारण कळप एका जागी राहतच नाही. जनावर उठून गेलं की ऊन त्या जागेचा ताबा घेतं. आपण मात्र जनावर एका जागी बांधलं, आणि त्या जागेची घाण पळवायला लोखंड आणि प्लॅस्टिक विकत घेतलं.

मी परत मोकळ्या चराईकडे जा म्हणत नाही. ते आता होणार नाही. टेंभूचं पाणी आलं, माळ फुटले, डाळिंब आणि ऊस आला. जिथे शेरडं चरायची तिथे आता ठिबकच्या नळ्या आहेत. उरलेल्या गवताळ माळावर वनखात्याचं आटपाडी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथे लांडगा आहे, आणि त्याला तिथे राहू दिलं पाहिजे. म्हणजे शेळी आता बंदिस्त किंवा अर्धबंदिस्तच राहणार. प्रश्न एवढाच की बंदिस्त म्हणजे छपराखाली कोंडलेली, असं आपण का धरून चाललो?

आता मी काय करतो ते सांगतो. आधी छप्पर मोजत नाही, वाडगं मोजतो. मोठ्या शेळीला छपराखाली दहा-बारा चौरस फूट, आणि बाहेर मोकळ्या वाडग्यात त्याच्या दुप्पट. हे प्रमाण शेळीपालनाच्या कुठल्याही प्रशिक्षणात सांगतात. फक्त प्रत्यक्षात जागा आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री वाडग्याला लागते. मी ती छपराला लावतो. वाडग्याचे दोन भाग करतो, मध्ये साधं फाटक. काही आठवडे एका भागात शेरडं, दुसरा उन्हाला मोकळा. मग बदली. जागा फिरवणं ते हेच. वर्षातून एकदोनदा वरची चार बोटं माती खरवडायची, ती रानात टाकायची, नवा मुरूम आणि थोडा चुना पसरायचा. पावसाळ्यात छपराखालचा तळ कोरडा राहावा म्हणून तो आजूबाजूपेक्षा फूटभर उंच करायचा, मुरूम ठोकून, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. तेवढी उंची इथल्या पावसाला पुरते.

छपराची लांबी पूर्व-पश्चिम. हे सगळेच सांगतात, पण कारण कळलं की माणूस ते मोडत नाही. सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आखूड बाजूंनी येतं, म्हणून फक्त त्या दोन बाजूंना भिंत. लांब बाजू उघड्या, वारा आरपार. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा दक्षिणेच्या उघड्या बाजूने ऊन थेट आत, तळापर्यंत येतं, आणि रात्रभर गारठलेली करडं सकाळी तिथेच जाऊन बसतात. मे महिन्यात मात्र सूर्य डोक्यावर असल्याने तीच उघडी बाजू आत ऊन येऊ देत नाही. रुंदी वीस फुटांच्या वर नाही, नाहीतर मधली हवा कोंडते. मध्याची उंची दहा-अकरा फूट. पत्र्यावर बाहेरून चुन्याचा पांढरा हात, वर उसाचं पाचट अंथरून जाळीने बांधलेलं. पाचट ठेवायचं तर वायरिंग नीट पाहिजे, नाहीतर आग लागेल, तेवढी काळजी घ्या.

आणि झाड. लिंबाच्या सावलीत आणि पत्र्याच्या सावलीत फरक काय, ते शेळीला विचारायची गरज नाही. मे महिन्यात ती कुठे बसते ते पाहावं. पान आपल्यातलं पाणी हवेत सोडून थंड राहतं, पत्रा तापून खाली उष्णता देतो. लिंब मोठा व्हायला वर्षं लागतात, म्हणून लिंब आज लावायचा आणि तोवर शेवरी, हादगा, सुबाभूळ. शेवरी लवकर वाढते, सावली देते आणि डहाळा म्हणून कापून टाकता येते. शेळी गवतापेक्षा पाला मन लावून खाते, हे प्रत्येकाला माहीत आहे, तरी शेडाच्या हिशेबात शेवरीच्या बियाण्याची ओळ कुणी घालत नाही.

रात्रीचं मात्र मी सैल सोडत नाही. लांडगा आणि मोकाट कुत्री, दोन्ही आहेत. कुत्री जाळीखालून उकरून आत येतात, म्हणून रात्रीच्या भागाची जाळी फूटभर जमिनीत पुरायची किंवा पायाला दगड लावायचे. इथे लोखंड वाचवू नका. करडांसाठी वेगळा कोपरा, डिसेंबरच्या वाऱ्यात तिथे पोत्यांचा पडदा. बोकड वेगळा. आणि शनिवारच्या आटपाडीच्या बाजारातून आणलेलं जनावर निदान तीन आठवडे दूरच्या खणात. बाजारात कुठकुठली जनावरं एकत्र येतात, एका शेळीबरोबर पीपीआर आला तर अख्खा कळप जातो. मोकळ्या वाडग्यात एखादा दगडी ओटाही करून देतो. शेळीला उंचावर चढून बसायला आवडतं. ती मचाणाची हौस तिची ती भागवते, आणि नको वाटलं की उतरते.

सरकारी कागदाचाही एक मुद्दा आहे. रोजगार हमीतून दहा शेळ्यांच्या शेडासाठी शासनाने 3 फेब्रुवारी 2021 च्या निर्णयात मापं दिली आहेत: लांबी 3.75 मीटर, रुंदी 2 मीटर, म्हणजे साडेसात चौरस मीटर. त्यात तळ मुरमाचाच सांगितला आहे. तो कागद मी कितीदा वाचला होता, पण तो गरिबाच्या शेडाचा तळ आहे आणि 'खरा' तळ स्लॅटचा, असं मनात धरून वाचला होता. दहा शेळ्यांना साडेसात चौरस मीटर म्हणजे एकेकीला आठ चौरस फूट. रात्रीच्या निवाऱ्यापुरतं ते चालतं, दिवसभर कोंडायला नाही. म्हणजे ते मापसुद्धा बाहेर मोकळी जागा आहे असंच धरून केलेलं आहे. दुसरीकडे राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांच्या प्रकल्पाला निम्मं अनुदान, दहा लाखांपर्यंत मिळतं. रक्कम मोठी, मग शेडही मोठं, देखणं, फोटो काढण्यासारखं करायचं. त्यात मीही हातभार लावला आहे. आता म्हणतो, अनुदान घ्या, पण शेडाच्या नावाचा पैसा वाचवून चारा-पाण्याला वळवता येईल असा प्रकल्प अहवाल बँकेपुढे ठेवा. दुष्काळात शेड विकत कुणी घेत नाही. चारा नसला की शेळ्या मात्र पडत्या भावाने विकाव्या लागतात.

एक बाजू मी अजून सोडलेली नाही. ज्याची जागा ओढ्याकाठच्या काळ्या रानात आहे, किंवा पाण्याच्या पाटाला लागून आहे, जिथे जमीन खरंच ओली राहते, तिथे करडांपुरता उंच तळ मी आजही करून देतो. फटी बारीक, करडाचा पाय अडकणार नाही एवढ्या, आणि खालचं खत आठवड्याला काढायचं कबूल करून घेऊन.

म्हणून आटपाडी, खानापूर, जत, माण-खटाव भागात जे कुणी शेळ्यांचा धंदा करायच्या विचारात असाल, त्यांना माझं सांगणं आहे. या पावसाळ्यात शेवरी आणि लिंब लावा. पहिलं वर्ष दहा-पंधरा शेरडांवरच काढा, लिंबाच्या नाहीतर साध्या सपराच्या सावलीत. मग शेडाची जागा दाखवायला मला किंवा कुठल्याही वेल्डरला बोलवाल, तेव्हा मे महिन्यात दुपारी दोन वाजता बोलवा. आणि छपराचं माप घेण्याआधी त्याला वाडग्याचं माप घ्यायला लावा.