वाकलेलं टिपरू

गेल्या श्रावणात नदीपात्रात ढोलपथकाचा सराव टिपायला गेलो. धायरीला घरी येऊन बघतो, तर जवळून घेतलेल्या प्रत्येक फोटोत टिपरू विळ्यासारखं वाकलेलं. शटरचा स्पीड २००० चा, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. हललेलं काहीच नव्हतं, गुलालाचा कण न् कण मोजता आला असता. लाकूड तेवढं वाकलं होतं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी त्याच पथकात ताशा वाजवते. ती म्हणाली, "काका, शटर इलेक्ट्रॉनिकवर राहिलंय तुमचं."

राहिलं नव्हतं, मीच ठेवलं होतं. आवाज नाही, धक्का नाही. हात कापायला लागल्यापासून धक्क्याची धास्ती बसलीय. पूर्वी मी ३० वर, हातात कॅमेरा धरून, लग्नाच्या पंगती काढायचो. आता १२५ लाही भरवसा नाही.

फोटो हलणं वेगळं आणि वाकणं वेगळं, हे मीच तिला शंभरदा ऐकवलंय. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो एकदम घेत नाही, ओळी-ओळीने वाचतं. २००० म्हणजे एकेका ओळीला उजेड मिळण्याचा वेळ. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला माझ्या कॅमेऱ्याला सेकंदाचा २० वा भाग लागतो. टिपऱ्याचं टोक वाचून मूठ वाचेपर्यंत हात चार बोटं खाली गेलेला असतो. यांत्रिक पडदा हेच अंतर तीन-चार मिलिसेकंदांत कापतो. वाकतं तिथेही, पण नखभर. माझ्या जुन्या याशिका मॅटचं पाकळ्यांचं शटर भिंगातच होतं. ५०० च्या वर जायचं नाही, पण कुणाला वाकडंही केलं नाही त्याने. सगळ्या ओळी एकदम टिपणारा फुल फ्रेम कॅमेरा सोनीने २०२३ मध्ये जाहीर केला. किंमत ऐकली आणि चहा मागवला.

वाकडेपणावर मी बोलू नये खरं तर. माझ्या स्टुडिओत वीस वर्षं सायकल शर्यतीचा एक फोटो टांगलेला होता. चाकं पुढे कललेली, लंबगोल. लोक विचारायचे, हे कसं साधलं? मी नुसता हसायचो. साधलं काय, पेंटॅक्स के-१००० चा आडवा धावणारा कापडी पडदा, आणि मी कॅमेरा उभा धरलेला. पुढे लार्तीग या फ्रेंच माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी काढलेली शर्यतीची मोटार पाहिली. तेच कललेलं चाक. त्यानंतरही मी फोटो उतरवला नाही.

माझं खरं अडतं ते ठोक्यावर. ५०० ला टिपरू ढोलाच्या पानाशी असं उभं राहतं, जणू आत येऊ का विचारतंय. आवाजच येत नाही त्या फोटोतून. हल्लीची पोरं तर २००० लावून सेकंदाला वीस फोटो झाडतात आणि सगळं पथक पुतळ्यांचं करून ठेवतात. ३० ला टिपरू विरघळतं आणि वादकाचं तोंडही. मला दोन्ही हवंय, तोंड ठाम आणि ठोका चालू. इतक्या गणपतींत चारदा मिळालं असेल, तेही नशिबाने.

त्या मुलीला ते ६० वर मिळालं. ताशा खाली ठेवून तिने माझा कॅमेरा घेतला, शटर यांत्रिकवर टाकलं. टिपरू वर जाऊन परत फिरतं तिथे क्षणभर थांबतं, हे तिला हातानेच ठाऊक. ती त्या थांबण्यावर दाबते. तिच्या फोटोत टिपऱ्याचं टोक वर स्पष्ट दिसतं आणि खाली नुसता धुरकट पंखा. मी मात्र आयुष्यभर ठोका कानाने ऐकून दाबत आलो, म्हणजे झाल्यावर.

पथकाला मी तोच फोटो पाठवला. खाली शिक्का माझ्या स्टुडिओचा गेला. तिला अजून सांगितलेलं नाही.