१,४२,८५७ आणि आबांचं ‘सत्तावन्न’

आई-बाबांनो, तुमची मुलं मराठीत आकडे बोलतात का? माझी लेक बोलत नव्हती. मागच्या महिन्यात आबा फोनवर ‘सत्तावन्न’ म्हणाले, तिला कळलंच नाही. ती गप्प, आबाही गप्प. मी सीए, दिवसभर आकड्यांतच असते, पण घरीसुद्धा ते इंग्रजीतच बोलते. चूक माझीच.

मग तिला १,४२,८५७ दिला. २ ने गुणा, २,८५,७१४. ३ ने ४,२८,५७१. ४ ने ५,७१,४२८, ५ ने ७,१४,२८५, ६ ने ८,५७,१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, नुसते गोल फिरतात. आणि ७ ने? ९,९९,९९९! कारण १ ला ७ ने भागलं की दशांशचिन्हापुढे हेच अंक पुन्हा पुन्हा येतात.

आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांच्या नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात, त्यांतही हा बसतो. वर्ग २०४०८१२२४४९. आता २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करून बघा!

पण खरी गंमत लाख-हजारात वाचताना. सहाही संख्यांत मिळून अवघड शब्द सहाच : चौदा, अठ्ठावीस, बेचाळीस, सत्तावन्न, एकाहत्तर, पंच्याऐंशी. प्रत्येक दोनदा येतो, म्हणजे उजळणी आपोआप.

परवा आबांनी विचारलं, "सहाने?"

"आठ लाख सत्तावन्न हजार... एकशे बेचाळीस!"

आबांनी तिकडे वहीत पडताळलं. "बरोबर," म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

आज जेवताना करून बघा. मग आजी-आजोबांना फोन लावा.